सहातून साडेचार वजा केले, उरले साडेसात

प्रश्न : नमस्कार सर. माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे आणि शाळेपासून खो-खो खेळते. परवा क्लासच्या टेस्टमध्ये तिला एक गणित आलं होतं, एक खेळाडू पूर्वेकडे ६ मीटर प्रति सेकंद वेगाने पळतोय, दीड सेकंदात तो वळतो आणि उत्तरेकडे ४.५ मीटर प्रति सेकंदाने पळायला लागतो, तर त्याचं सरासरी त्वरण किती. तिनं ४.५ मधून ६ वजा केले, दीडने भागलं, उत्तर लिहिलं उणे १. मार्क शून्य. क्लासच्या उत्तरात ५ दिलंय. घरी तिचा मामा आला होता, तो म्हणाला दिशा बदलली म्हणजे बेरीज करायची, म्हणजे ७ येतं. आता घरात तीन उत्तरं झालीत. मुलगी म्हणते मी रोज मैदानावर वळते, वळताना स्पीड जरा कमी होतो एवढंच मला कळतं, त्यात पाच आलं कुठून? मी स्वतः कॉमर्सची, मला काही सांगता येईना. — एक आई, सहकारनगर

उत्तर : ताई, तिला आधी हे सांगा की तिचं उत्तर चुकलं तरी तिचा प्रश्न एकदम बरोबर आहे, कारण नुसतं पाठ करून ५ लिहिणाऱ्या पोरांना हा प्रश्न पडतच नाही. आणि गंमत म्हणजे तुमच्या घरातली तिन्ही उत्तरं कुठल्या ना कुठल्या पळण्याची खरी उत्तरं आहेत, फक्त पळणं वेगवेगळं आहे. ते कसं ते सांगतो.

एक कोरा कागद घ्या, पट्टी घ्या. कागदावर एक ठिपका काढा. १ सेंटीमीटर म्हणजे १ मीटर प्रति सेकंद असं धरा. ठिपक्यापासून उजवीकडे ६ सेंटीमीटरचा बाण काढा, हा पळणाऱ्याचा आधीचा वेग. त्याच ठिपक्यापासून वरच्या दिशेने ४.५ सेंटीमीटरचा बाण काढा, हा नंतरचा वेग. दोन्ही बाण एकाच ठिपक्यापासून निघाले पाहिजेत, यात गडबड करू नका. आता पहिल्या बाणाच्या टोकापासून दुसऱ्या बाणाच्या टोकापर्यंत एक तिरकी रेघ मारा आणि पट्टीने मोजा. साडेसात सेंटीमीटर येईल. सहाचा वर्ग ३६, साडेचारचा वर्ग २०.२५, बेरीज ५६.२५, त्याचं वर्गमूळ ७.५, म्हणजे पायथागोरसही तेच सांगतो. वेगात झालेला बदल म्हणजे ही तिरकी रेघ. त्वरण म्हणजे हा बदल भागिले लागलेला वेळ, म्हणून ७.५ ला दीड सेकंदाने भागलं की ५ मीटर प्रति सेकंद वर्ग. झालं.

आता तोच कागद जरा पुढे वापरा कारण खरी मजा इथेच आहे. समजा खेळाडू वळलाच नाही, सरळ पूर्वेकडेच पळत राहिला आणि ६ चा ४.५ झाला. दोन्ही बाण एकावर एक पडतील, टोकांमधलं अंतर दीड सेंटीमीटर, भागिले दीड, म्हणजे १, आणि ते मागच्या दिशेने म्हणून उणे १. हे तुमच्या लेकीचं उत्तर. समजा तो पूर्ण मागे फिरला, पूर्वेचा पश्चिमेला. मग बाण एकमेकांविरुद्ध, टोकांमधलं अंतर ६ अधिक ४.५ म्हणजे १०.५, भागिले दीड, ७. हे मामांचं उत्तर. आणि काटकोनात वळला तर ५. वेगाचे आकडे तेच, वेळ तीच, फक्त किती वळला त्यावर त्वरण १ पासून ७ पर्यंत कुठेही असू शकतं. कोनमापक घेऊन ६० अंशाचं वळण काढून बघा, टोकांमधलं अंतर ५.४ च्या आसपास भरेल, त्वरण साधारण ३.६. हे सगळं तिला स्वतःच्या हाताने काढू द्या, तुम्ही काढून दाखवू नका.

घोळ मुळात शब्दाचा आहे. शाळेत नववीला आपण चाल आणि वेग वेगळे असं शिकतो, चाल अदिश म्हणजे नुसता आकडा, वेग सदिश म्हणजे आकडा आणि दिशा दोन्ही, पोरं ते घोकतात, परीक्षेत एक मार्काला लिहितात आणि विसरतात. बोलताना आपण स्पीड, वेग, चाल सगळं एकच धरतो. त्यात ऍक्सिलरेशन म्हटलं की डोळ्यांपुढे येतो स्कूटरचा ऍक्सिलरेटर, पिळला की गाडी सुसाट, त्यामुळे त्वरण म्हणजे स्पीड वाढणं असं डोक्यात घट्ट बसतं. पण भौतिकशास्त्रातलं त्वरण हे बाण किती बदलला ते विचारतं, आकडा किती बदलला ते नाही. बाणाला लांबी असते आणि रोख असतो, दोन्हीपैकी काहीही बदललं की त्वरण आलं. वळताना स्पीड अजिबात कमी झाला नाही, ६ चा ६ राहिला असं धरलं तरी काटकोनी वळणात बदल ६ गुणिले १.४१ म्हणजे साधारण ८.५ मीटर प्रति सेकंद येतो, त्वरण ५.७ च्या जवळ. म्हणजे बघा, स्पीड कमी न करता वळणं हे स्पीड कमी करून वळण्यापेक्षा जास्त त्वरणाचं काम आहे. हे तुमच्या लेकीला मैदानावर माहीतच असणार, तीव्र वळण घ्यायचं असेल तर आधी एक-दोन पावलं आखडती घ्यावी लागतात, फुल स्पीडमध्ये कोन मारायला गेलं की पाय सटकतो.

आणि ती तर खो-खोची मुलगी! या खेळाइतका दिशाबदलाचा अभ्यास दुसऱ्या कुठल्या खेळात नसेल असं मला मनापासून वाटतं. याचे नियम १९१४ साली आपल्याच पुण्यात डेक्कन जिमखान्यावर पहिल्यांदा नीट बांधले गेले, आणि नियमातच फिजिक्स आहे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मध्येच मागे फिरता येत नाही, खांबापलीकडे जाऊनच यावं लागतं, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळती करणाऱ्याला मात्र कुठेही, कसंही वळता येतं. म्हणजे एकाला त्वरणाची दिशा बांधून दिलेली आणि दुसऱ्याला मोकळी. हूल देणं म्हणजे दुसरं काय, वेगाचा बाण समोरच्याच्या आधी फिरवणं. समोरची पाठलाग करणारी जास्त फास्ट असली तरी चालतं.

मागच्या आठवड्यात सकाळी मी आमच्या भागातल्या एका मैदानावर मुद्दाम जाऊन उभा राहिलो. रात्री पाणी मारलेलं होतं, माती मऊ होती आणि मुलींची प्रॅक्टिस चालू होती. एक मुलगी सरळ पळत आली आणि डावीकडे काटकोनात वळून गेली. ती गेल्यावर मी वळणाच्या जागी वाकून बघितलं. बाकीचे ठसे साधे होते, टाचेला थोडं खोल, पुढे थोडं खोल. पण वळणाचा ठसा, उजव्या पायाचा, एका कडेने बोटभर खोल रुतलेला आणि त्या कडेबाहेर मातीची छोटीशी वरंबी उठलेली. ती वरंबी कुठल्या बाजूला होती माहितीये? मुलगी ज्या दिशेने आली त्या दिशेला पुढे आणि जरा उजवीकडे, म्हणजे तिरकी. ती पूर्वेकडे पळत होती आणि उत्तरेकडे वळली असं धरा, तर माती ढकलली गेली पूर्वेकडे आणि थोडी दक्षिणेकडे. पायाने माती तिकडे ढकलली म्हणून मातीने पायाला उलट ढकललं, पश्चिमेकडे आणि थोडं उत्तरेकडे. तुमच्या कागदावरची तिरकी रेघ कुठल्या दिशेला जाते? पहिल्या टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, डावीकडे आणि वर, म्हणजे पश्चिमेकडे ६ आणि उत्तरेकडे ४.५. तेच! कागदावरची रेघ आणि मातीतली वरंबी एकाच ओळीत, फक्त तोंडं उलट. पश्चिमेच्या रेषेपासून उत्तरेकडे साधारण ३७ अंश. तुमच्या लेकीला उद्या मैदानावर स्वतःच्या ठशाकडे बघायला सांगा, पाच कुठून आलं ते तिच्याच पायाखाली आहे.

जोर किती लागतो तेही काढा. तिचं वजन ५० किलो धरलं तर ५० गुणिले ५, २५० न्यूटन. साधारण २५ किलोचं पोतं उचलून धरायला जेवढा जोर लागतो तेवढा, पण आडवा, आणि तोही सरासरी, कारण दीड सेकंद पाय सलग जमिनीवर नसतो, मध्ये हवेत असतो, तेव्हा जमीन काहीच ढकलू शकत नाही, म्हणजे पाय टेकलेला असताना जोर याहून बराच जास्त जातो. हा सगळा जोर घर्षणातून येतो. पाचला गुरुत्वीय त्वरणाने म्हणजे ९.८ ने भागलं तर जवळपास अर्धं येतं, तेवढी पकड मातीत आणि बुटात पाहिजेच. कोरड्या भुसभुशीत मातीवर ती मिळत नाही म्हणून तर मैदानावर पाणी मारतात. गुडघा आणि घोटा हे सगळं सोसतात, त्यामुळे वॉर्मअप न करता वळणाची प्रॅक्टिस करू नको हेही तिला सांगा, हे मी मास्तर म्हणून नाही, घरातल्या मोठ्या माणसासारखं सांगतोय.

आता एक गोष्ट मला खटकली ती लिहितोच. क्लासच्या उत्तरात नुसतं ५ लिहिलंय, दिशा नाही. हे अर्धंच उत्तर झालं. त्वरण सदिश आहे, दिशा न लिहिता ते पूर्ण होत नाही. आणि यात एक चोरदरवाजा आहे. पुष्कळ मुलं दोन बाणांची वजाबाकी करायच्या ऐवजी बेरीज करतात, म्हणजे एका बाणाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी जोडून मोजतात. काटकोन असेल तर बेरजेची लांबीही ७.५ च येते! उत्तर ५ च येतं, मार्क पूर्ण मिळतात, पण दिशा ईशान्येकडची निघते, जी साफ चूक आहे, कारण ईशान्येकडे ढकललं असतं तर खेळाडूचा पूर्वेचा वेग कमी कसा झाला असता? हीच मुलं ६० अंशाचं गणित आलं की तोंडावर पडतात, तिथे वजाबाकी ५.४ आणि बेरीज ९.१, फरक उघडा पडतो. त्यामुळे सर-मॅडम लोकांना माझी कळकळीची विनंती आहे, दिशा विचारा आणि दिशेला मार्क द्या, आणि काटकोनाशिवाय एखादं तरी गणित टाका. जिनं उणे १ लिहिलं तिला शून्य आणि जिनं बाण उलटे जोडले तिला पूर्ण, हे बरोबर नाही.

प्रत्यक्ष मोजायचं असेल तर घड्याळातल्या जीपीएसच्या नादी लागू नका. ती साधारण सेकंदाला एकदा जागा नोंदवतात, आणि त्यातही काही मीटर इकडेतिकडे होतं, दीड सेकंदाचं वळण त्यात हरवूनच जातं. त्यापेक्षा फक्कीने एकेक मीटरवर खुणा करा, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मोबाईल स्थिर धरून व्हिडिओ काढा, सेकंदाला ३० फ्रेम असतील तर वळणाच्या ४५ फ्रेम मिळतात. वळायच्या आधी किती फ्रेममध्ये दोन मीटर गेली, वळल्यावर किती फ्रेममध्ये दोन मीटर गेली, दोन वेग आले, मधल्या फ्रेम मोजल्या की वेळ आली. कागद आणि पट्टी तर आहेच. तिच्या स्वतःच्या वळणाचं त्वरण तिनं काढलं तर ते मला नक्की कळवा, मी वाट बघतो.

प्रश्न : मी रोज बालेवाडीला ट्रॅकवर पळतो. माझा स्पीड एकदम कायम असतो, सेकंदाला ४ मीटर, घड्याळ लावून चेक केलंय. मुलगा म्हणतो बाबा वळणावर तुमचं त्वरण असतं पण पूर्ण राउंडचं सरासरी त्वरण शून्य येतं. दोन्ही एकदम कसं खरं? — एक वाचक, बाणेर

उत्तर : मुलगा हुशार आहे, दोन्ही खरंय. ४०० मीटरच्या स्टँडर्ड ट्रॅकची आखणी बघा, दोन सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या आणि दोन अर्धवर्तुळं, आतल्या कडेची त्रिज्या ३६.५ मीटर. पळणारा कडेपासून जरा बाहेरून पळतो म्हणून पहिल्या लेनचं माप ३० सेंटीमीटर बाहेर धरतात, ३६.८ त्रिज्या, आणि मग बेरीज बरोबर ४०० येते. सरळ बाजूवर तुमचं त्वरण शून्य. वळणावर शिरलात की वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, १६ भागिले ३६.८, म्हणजे ०.४३ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि ते कायम वर्तुळाच्या मध्याकडे, मैदानाच्या आतल्या बाजूला. हे इतकं कमी आहे की तुम्हाला जाणवत नाही. पण दुप्पट स्पीडने, ८ ने पळणाऱ्याला ते चौपट होतं, १.७४, आणि त्याला आत साधारण १० अंश झुकावं लागतं. त्याच स्पीडने आठव्या लेनमध्ये त्रिज्या ४५ मीटरच्या वर जाते आणि त्वरण १.४ वर येतं, म्हणून २०० मीटर पळणारे उंच खेळाडू आतल्या लेनला नाखूश असतात.

आता सरासरी. एका वळणात, म्हणजे एक अर्धवर्तुळ पार करताना, तुम्ही ११५.६ मीटर पळता, २९ सेकंद लागतात, आणि बाहेर पडताना तोंड बरोबर उलटं. बाण ४ चा उणे ४ झाला, बदल ८, भागिले २९, सरासरी ०.२८. प्रत्येक क्षणाला ०.४३ असून सरासरी ०.२८ कशी? कारण त्या ०.४३ ची दिशाच सारखी फिरत होती, सुरुवातीला एकीकडे, शेवटी दुसरीकडे, काही भाग आपापसात कटला. दुसऱ्या वळणावर तेवढाच बदल उलट दिशेने होतो, आणि १०० सेकंदांनी तुम्ही सुरुवातीच्या रेषेवर त्याच स्पीडने, त्याच दिशेला तोंड करून परत आलात, म्हणजे पहिला बाण आणि शेवटचा बाण तंतोतंत एक. टोकांमधलं अंतर शून्य, सरासरी शून्य. पाय दमले ते दमलेच, सरासरी मधल्या प्रवासाकडे बघत नाही. म्हणून गणितात सरासरी विचारलंय की त्या क्षणाचं, हे आधी वाचायचं.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करतोय. स्टॅमिनासाठी आम्ही मैदानावर १० मीटरचे शटल मारतो, रेषेला हात लावून मागे. रेषेवर मी क्षणभर पूर्ण थांबतो, स्पीड शून्य. मग त्या क्षणी त्वरण पण शून्य ना? मित्रांशी पैज लागलीये. — एक वाचक, हडपसर

उत्तर : पैज हरलात. रेषेकडे येताना ४ मीटर प्रति सेकंद, परत जाताना उणे ४, आणि या सगळ्याला एक सेकंद लागला असं धरा. बदल उणे ८, त्वरण उणे ८, आणि ते पूर्ण सेकंदभर. पहिल्या अर्ध्या सेकंदात तेच उणे ८ तुम्हाला थांबवतं आणि दुसऱ्या अर्ध्या सेकंदात तेच उणे ८ तुम्हाला परत पळवतं. उणे आहे म्हणून स्लो होतोय असं समजू नका, परतीच्या वाटेवर उणे त्वरणानेच तुमचा स्पीड वाढतोय. मध्ये जो क्षण येतो, हात रेषेवर आणि स्पीड शून्य, त्या क्षणी जर त्वरणही शून्य असतं तर तुम्ही रेषेवरच उभे राहिला असतात, परत निघायला काही कारणच नव्हतं. पुढच्या वेळी रेषेवर हात लावताना पुढच्या पायाच्या मांडीकडे लक्ष द्या, ती थांबण्याच्या आधी ताणलेली असते, थांबलेली असताना ताणलेली असते आणि निघताना पण ताणलेलीच असते, मध्ये एकदाही सैल पडत नाही. पैजेचे पैसे देताना मित्रांना तेवढं दाखवा.